नळी किती घासावी?

खंडेनवमीला कोकणात आणि घाटमाथ्यावर परवान्याच्या बंदुका खुंटीवरून खाली उतरतात. नळीत गज घालून ती घासली जाते, चिंधी काळी येईनाशी झाली की तेलाचा बोळा फिरतो, मग हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. वर्षभर रानडुकरांपासून शेत राखणाऱ्या हत्याराचा तो मान असतो. मात्र या सफाईबरोबर एक समजूतही चालत आली आहे : नळी जितकी लख्ख, तितका नेम पक्का.

नेमबाजीच्या रेंजवर ही समजूत पहिल्याच गोळीला कोलमडते. नुकत्याच घासलेल्या, आत तेलाचा पुसट थर राहिलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी बहुतेक वेळा पुढच्या गोळ्यांच्या घोळक्यात बसत नाही. कधी वर जाते, कधी बाजूला. दुसरी थोडी जवळ येते, तिसरी आणखी जवळ. अनुभवी खेळाडू म्हणूनच त्या पहिल्या गोळ्यांचे गुण मोजले जातील अशी वेळ स्वतःवर येऊ देत नाही.

हा फरक केवढा, हे कळायला लक्ष्याची मापं बघावी लागतात. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते अर्ध्या फुटबॉल मैदानाइतक्या अंतरावर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरू इथे झाली. तिथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५९० गुणांनी सातवा आला आणि अंतिम फेरीत गेला. भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ वर थांबला, अकरावा आला आणि बाहेर पडला. साठ गोळ्यांत एका गुणाचा फरक. कुसाळेने पुढे १ ऑगस्टला ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. त्या अंतिम फेरीत तर गुण दशांशात मोजतात, आणि लक्ष्यावरचे ०.८ मिलिमीटर म्हणजे एक दशांश.

आता थोडं गणित. या रायफलीची .२२ ची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. ५० मीटर कापेपर्यंत गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १२ सेंटिमीटर खाली ओढतं, आणि रायफलची साइट तेवढा हिशेब धरूनच बसवलेली असते. नळीतल्या घर्षणात फरक पडून वेग सेकंदाला फक्त पाच मीटरने बदलला, तरी गोळी लक्ष्यावर जवळजवळ चार मिलिमीटर वर किंवा खाली लागते. म्हणजे दशांशाच्या हिशेबात अर्धा गुण. खेळाडूचा श्वास, बोट, उभं राहणं, सगळं जागेवर असूनही अर्धा गुण गेला, आणि त्याला कळलंसुद्धा नाही की तो नळीत गेला.

नळीच्या आत गोळीगणिक काय घडतं? .२२ च्या काडतुसातली गोळी उघड्या शिशाची असते, वजन सुमारे २.६ ग्रॅम. तिच्या अंगावर मेण आणि चरबीसारख्या वंगणाचा पातळ लेप असतो. नळीच्या आतल्या बाजूला पीळ घातलेल्या खाचा असतात. त्यांना रायफलिंग म्हणतात, आणि या जातीच्या नळीत त्यांचा एक पूर्ण फेरा साधारण १६ इंचांत होतो. गोळी या खाचांत घट्ट बसून गरगरत पुढे जाते, आणि जाता जाता आपलं थोडं वंगण नळीच्या भिंतीला पुसत जाते. मागून येणारा गरम वायू त्यावर काजळी टाकतो. पुढची गोळी या थरावरून जाते, त्यातलं थोडं खरवडून नेते, थोडं स्वतःचं ठेवते. काही गोळ्यांनंतर जेवढं चढतं तेवढंच उतरायला लागतं. नळी बसली, असं म्हणायची ती वेळ. काही नळ्या पाच-सात गोळ्यांत बसतात, काहींना वीस-पंचवीस लागतात.

बिडाचा तवा राखेने घासून लख्ख केला की पहिलं घावन चिकटतं, हे घराघरात माहीत आहे. नळीचं तेच. तिला तिची मुरलेली स्थिती हवी असते, आणि ती स्थिती अमुक एका वंगणाची असते. म्हणून एका कंपनीची काडतुसं सोडून दुसऱ्या कंपनीची घेतली, की पहिल्या काही गोळ्या पुन्हा इकडेतिकडे जातात. नवं वंगण जुन्याची जागा घेईपर्यंत लक्ष्यावरच्या खुणांवरून काडतूस चांगलं की वाईट हे ठरवू नये. घाईत हे विसरलं जातं आणि चांगल्या काडतुसाला उगाच नावं ठेवली जातात.

मग घासूच नये का? तसंही नाही, आणि याचं कारण नळीच्या अगदी सुरुवातीला सापडतं. काडतूस जिथे बसतं ती चेंबर, आणि तिच्या तोंडाशी खाचा सुरू होतात ती जागा. .२२ च्या काडतुसात ठिणगीचं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं. त्यात लेड स्टिफनेट असतं, आणि अनेक काडतुसांत घर्षणासाठी बारीक काचपूडही. प्रत्येक बाराला या सगळ्याचा जळका अंश त्या सुरुवातीच्या जागेवर बसतो. हजारभर गोळ्यांत तिथे काजळीचं कडक कडं तयार होतं. नळीच्या बाकी भागातला थर मऊ असतो, हे कडं मात्र नुसत्या चिंधीला दाद देत नाही. गोळी खाचांत शिरतानाच त्यावर घासते, कधी वाकडी बसते, कधी तिचं शिसं एका बाजूने तासलं जातं. याची लक्षणंही फसवी असतात. नेम हळूहळू बिघडत नाही. नऊ गोळ्या नेटक्या बसतात आणि दहावी अकारण बाहेर पडते. खेळाडू स्वतःला दोष देतो, प्रशिक्षक ट्रिगरकडे बघतो, आणि दोष असतो त्या अर्ध्या इंचात.

नळीतल्या या घाणीने भारताच्या इतिहासातही एक मोठी भूमिका केली आहे. १८५७ च्या काडतुसांना चरबी होती, हे शाळेत सगळेच शिकतात. ती मुळात का लावावी लागली, तिथवर मात्र धडा पोचत नाही. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड ही तोंडाकडून भरायची, .५७७ इंच व्यासाची, खाचा असलेली बंदूक. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो, आणि तो नळीत खरखरीत, कडक खरपुडी होऊन बसतो. साध्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत ढिली गोळी टाकून हे निभावत असे. खाचांच्या बंदुकीत गोळी नळीच्या मापाच्या जवळपासची हवी, नाहीतर तिला फिरकी मिळत नाही. मग दहा-पंधरा बारांनंतर ती गजाने खाली ठासता ठासता शिपायाची दमछाक होणार. उपाय म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावलं. गोळी आत जाताना ते खरपुडी मऊ करतं, आणि नळी न धुता लढाईत बार काढत राहता येतात, तेही नेम फारसा न बिघडता. तांत्रिक दृष्टीने कल्पना उत्तम होती. काडतूस दातांनी तोडायचं होतं आणि वंगण गाय-डुकराच्या चरबीचं असल्याची बोलवा होती, तिथे सगळं बिनसलं. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीत कुजबुज सुरू झाली, २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेंनी बंदूक उचलली. शिपायांनी स्वतःचं वंगण, मेण आणि तेल, वापरावं अशी मुभाही मधल्या काळात दिली गेली होती, पण तोवर विश्वास उडाला होता. आजच्या .२२ च्या गोळीवरचा मेणाचा लेप त्याच जुन्या गरजेचा वारस आहे.

धूर न करणारी दारू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली तेव्हा नळ्या धुण्याची कटकट संपली असं वाटलं होतं. झालं उलटंच. नळ्या तेल लावून ठेवल्या तरी गंजत. बरीच वर्षं दोष दारूतल्या आम्लांना दिला गेला. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी १९२२ च्या सुमारास खरा गुन्हेगार पकडला. ठिणगीच्या मिश्रणातलं पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड होतं. हा मिठाच्या जातीचा क्षार. तो हवेतली ओल ओढतो आणि तेलाच्या थराखालीही लोखंड खातो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. ब्रिटिश सैन्यात .३०३ रायफलीच्या नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. कारण पुरतं कळण्याआधीच सापडलेला तो अगदी अचूक उपाय होता. आजच्या बहुतेक काडतुसांत हा क्षार नसतो. तरी कोकणच्या पावसाळ्यात नळीला तेल हवंच. गंजाने पडलेले खड्डे काही केल्या भरून निघत नाहीत, आणि खड्डे पडलेली नळी प्रत्येक गोळीचा थोडा धातू धरून ठेवते. निवडणुकीत शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात तेव्हा ती महिना-दोन महिने तशीच पडून राहतात. जमा करण्याआधी तेल आणि परत आणल्यावर, बार काढण्याआधी, कोरडी चिंधी, एवढं सांभाळलं तरी पुरतं.

.२२ सोडून मोठ्या रायफलींकडे वळलं की प्रश्न तांब्याचा होतो. त्यांचा वेग शिशाला झेपत नाही, म्हणून गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं आणि ते खाचांना पुसलं जातं. पहिल्या महायुद्धाच्या काळात कवच तांबं-निकेलचं असे. त्याच्या चक्क गाठी नळीत चिकटत. अमेरिकी स्प्रिंगफील्ड रायफल वापरणारे स्पर्धक त्या काढायला अमोनियाचं जहाल द्रावण नळीत भरून ठेवत. वेळेत काढलं नाही तर तेच नळीला खाऊन टाकी. १९२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी फ्रँकफर्ड आर्सेनलने गोळ्यांना कथलाचा मुलामा दिला, आणि गाठी खरोखरच गेल्या. पण स्पर्धकांना गोळी ग्रीझच्या डबीत बुडवून भरायची जुनी सवय होती. कथलाने गोळी काडतुसाच्या मानेला चिकटून बसत होती. त्यात ग्रीझची भर पडल्यावर नळीतला दाब धोक्याच्या पातळीला गेला. पुढच्याच वर्षी कथिल मागे पडलं आणि ९५ टक्के तांबं, ५ टक्के जस्ताचं कवच आलं. तेच आजही चालतं.

हे तांबं काढायचे द्रावक अजूनही बहुधा अमोनियाचेच असतात. तांबं विरघळलं की चिंधी निळी पडते. ती पांढरी निघेपर्यंत घासत राहा, असं सांगतात. इथे एक गंमत होते. चिंधी धरणारं गजाचं टोक पुष्कळदा पितळी असतं, आणि पितळात तांबं असतंच. द्रावक त्या टोकालाच खातो. नळी केव्हाच स्वच्छ झालेली असते, चिंधी तरी निळीच येते, आणि बिचारा माणूस संध्याकाळभर घासत बसतो. निकेलचा मुलामा दिलेलं किंवा नायलॉनचं टोक घेतलं की हा भ्रम संपतो.

सैनिकाची गोष्ट खेळाडूपेक्षा वेगळी आहे. त्याला आधी बंदूक चालायला हवी, दहाचं वर्तुळ नंतर. व्हिएतनाममध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यावर एम-१६ रायफल आली ती साफ करायची गरजच नाही अशा बोलबाल्यासह. कित्येक तुकड्यांना सफाईचा संचही मिळाला नाही. त्यातच काडतुसातली दारू बदलली होती आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत चेंबर गंजल्या, रिकामी काडतुसं आत अडकू लागली, आणि अडकलेल्या रायफलीशेजारी मेलेले सैनिक सापडले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. चेंबरला क्रोम आलं, पुढे अख्ख्या नळीला आलं, आणि सफाई शिकवायला चित्रकथाकार विल आयस्नर यांच्याकडून चित्रकथेची पुस्तिका काढून घेतली गेली. क्रोमचा थर गंज आणि झीज थोपवतो, पण तो सगळीकडे सारख्या जाडीचा बसवणं अवघड असतं. म्हणून एके-४७ च्या नळीत क्रोम असतं आणि ऑलिंपिकच्या रायफलीत नसतं. आपल्याकडे एनसीसीच्या छात्रांना दोरीची पुलथ्रू आणि चिंधी हातात देतात ती याच सैनिकी परंपरेतून : सफाईला चार बाय दोन इंचांची, तेलाला चार बाय दीडची. अनेक मराठी मुलामुलींची बंदुकीशी पहिली ओळख बार काढण्याने होत नाही, या चिंधीने होते.

सफाईने नळी बिघडते हेही खरं, आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. नळीचं सर्वांत नाजूक अंग म्हणजे तिचं पुढचं तोंड. गोळी तिथून सुटते त्या क्षणी मागचा वायू चारी बाजूंनी एकदम निसटला पाहिजे. कडेला एका बाजूला घासून झीज झाली, तर वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का देतो. तोंडाकडून वाकडातिकडा गज घालणाऱ्यांच्या हातून नेमकी हीच कड झिजते. म्हणून ज्या रायफलीत मागून गज घालता येतो तिथे तो मागूनच घालतात, आणि तो मधोमध राहावा म्हणून चेंबरमध्ये मार्गदर्शक नळी बसवतात. गज अखंड हवा. जोडाच्या गजांच्या सांध्यांत खर अडकते आणि तीच पॉलिशची पूड होऊन नळी झिजवते. चिंधी पुढून बाहेर आली की काढून टाकायची, तीच मागे ओढायची नाही. काचपुडीचा उल्लेख वर आलाच आहे. ती पुन्हा नळीभर फिरवण्यात काय शहाणपण?

एअर रायफलीला यातलं फारसं काही लागू नाही. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेतेपद मिळवलं तो १० मीटरचा प्रकार. तिथे दारू नाही, ज्वाला नाही, फक्त दाबलेली हवा आणि ४.५ मिलिमीटरचं शिशाचं पेलेट. नळीत नमद्याची एक-दोन बोंडं फिरवली की काम झालं. तेलाच्या नादी मात्र लागू नये, ते रबरी वायसरांचं नुकसान करतं. बाराबोअरच्या बंदुकीला खाचाच नसतात आणि छरे फैलावण्यासाठीच सोडायचे असतात. तिथे सफाई गंजासाठी असते, नेमाशी तिचा संबंध जवळपास नाही.

तर रायफल किती गोळ्यांनी घासायची? या प्रश्नावर दोन चांगल्या खेळाडूंचं सहसा एकमत होत नाही. बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून गोळ्यांचा घोळका जास्तीत जास्त लहान करणारे, प्रत्येक फेरीनंतर घासतात आणि पुढच्या फेरीत आधी एक-दोन बार मातीत घालवतात. लांब पल्ल्याचे पुष्कळजण घोळका फैलावेपर्यंत गजाला हात लावत नाहीत. दोघेही पदकं नेतात. दोघांनी साधलेली गोष्ट एकच : महत्त्वाची प्रत्येक गोळी सारख्याच नळीतून जाते. स्वच्छता हा त्या सारखेपणाकडे जायचा एक रस्ता, न घासणं हा दुसरा.

आपल्या नळीचा आकडा आपणच काढायचा, आणि इथे बहुतेकांची फसगत होते. घासण्याआधी पाच गोळ्या, घासल्यावर पाच गोळ्या, दुसरा घोळका लहान दिसला की जाहीर करून मोकळं : सफाईने नेम सुधारला. पाच गोळ्यांचा घोळका हा फार लहरी प्रकार आहे. काहीही न बदलता एकाच रायफलीचा एक घोळका दुसऱ्याच्या दुप्पट निघणं मुळीच विरळ नाही. शिवाय दहा गोळ्यांचा घोळका पाचांपेक्षा सरासरी पाव पटीने मोठा येतोच, तेव्हा दोहोंची तुलनाही चालत नाही. काडतुसांचे कारखाने स्वतःच्या चाचणी केंद्रात खेळाडूची रायफल शिकंज्यात पकडून दहा-दहा गोळ्यांचे घोळके एकामागून एक काढतात, आणि मगच अमुक लॉटची काडतुसं या नळीला मानवतात असं सांगतात. घरच्या चाचणीलाही तेवढाच धीर हवा. शेवटच्या सफाईपासून किती गोळ्या झाल्या हे वहीत लिहायचं, दर शंभरावर दोन-तीन मोठे घोळके काढायचे, आणि हे तीन-चार सफायांपर्यंत चालू ठेवायचं. अलीकडे फोनला जोडायचा छोटा कॅमेरा स्वस्तात मिळतो आणि नळीच्या आतलं चित्र पडद्यावर दिसतं. चेंबरपुढचं काजळीचं कडं बघायला तो उत्तम. बाकी ठिकाणचे डाग बघून मात्र झोप उडते आणि हातात गज येतो. लक्ष्यावरचा कागद काय म्हणतो ते आधी बघावं.

स्पर्धेच्या दिवशी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये मोजणी सुरू होण्याआधी तयारीसाठी पंधरा मिनिटं मिळतात. त्या वेळात सरावाच्या गोळ्या, म्हणजे सायटर, हव्या तितक्या मारता येतात. आदल्या दिवशी चेंबरपुढचं कडं काढलं असेल, तर इथल्या पहिल्या दहा-बारा गोळ्या नळी बसवण्यात जातात. खेळाडू त्या कुठे लागल्या याकडे लक्ष देत नाही आणि साइटच्या चकत्यांनाही हात लावत नाही. पडद्यावरचे ठिपके एका जागी साचू लागले की मगच तो वाऱ्याच्या झेंड्यांकडे वळतो आणि साइटची पहिली टिकटिक फिरवतो.